वाचकांचे प्रश्न : घाटातले जुने बोगदे आणि त्यांतलं पाणी

मृग लागला की पुणे–मुंबई गाडीत खिडकीशी बसणाऱ्यांची पत्रं वाढतात. बोगद्याच्या भिंतीवरून पाणी का वाहतं, ते धोक्याचं असतं का, दीडशे वर्षांपूर्वीचं काम अजून कसं टिकलं, अशी विचारणा असते. त्यांतले निवडक प्रश्न आणि रुळांची व दगडी बांधकामाची कामं जवळून जाणणाऱ्यांनी दिलेली उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : खुद्द पुणे शहरात रेल्वेचा जुना बोगदा आहे का? (वाचक, नारायण पेठ)

नाही. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. लोणावळ्यापासून पुढची वाट पठारावरून येते, तिला पूल लागले, बोगदा लागला नाही. पुणेकरांच्या वाट्याचे जुने बोगदे शहराबाहेर आहेत. वायव्येला बोरघाटात आणि मिरजेच्या वाटेवर शिंदवणे घाटात. शहराच्या पोटातून गाडी धावू लागली ती मेट्रोमुळे, २०२३ च्या ऑगस्टात.

मधली पाच वर्षं कशी गेली, हे मात्र सांगण्याजोगं आहे. वर खंडाळ्यापर्यंत रूळ, खाली खोपोलीपर्यंत रूळ आणि मधे घाट. पुण्याहून निघालेला प्रवासी खंडाळ्याला उतरायचा, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीनं घाट उतरायचा आणि खाली दुसऱ्या गाडीत बसायचा. १८६३ मध्ये बोगदे पुरे झाले तेव्हा कुठे ही दोन टोकं जोडली गेली.

प्रश्न : तेव्हा डायनामाइट नव्हतं. मग एवढा कातळ फोडला कसा? (वाचक, तळेगाव दाभाडे)

डायनामाइटचं पेटंट १८६७ चं. बोरघाटाचं काम २४ जानेवारी १८५६ ला सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ ला मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. म्हणजे सगळे सुरुंग काळ्या दारूचे. एकानं पोलादी पहार धरायची, दुसऱ्यानं तिच्यावर घण घालायचा आणि प्रत्येक घावानंतर धरणाऱ्यानं पहार थोडी फिरवायची. फिरवली नाही तर ती कातळात अडकून बसते. भोकातली भुकटी लांब दांड्याच्या पळीनं काढायची, दारू भरायची, वात लावायची, वर कोरडी माती ठासायची आणि दूर व्हायचं. अस्तर, म्हणजे आतून विटा-दगडांचं बांधकाम, न केलेल्या जुन्या बोगद्यात भिंतीवर तिरपा उजेड पडला की बोटाएवढ्या रुंदीच्या अर्धगोल खाचा दिसतात. त्या याच भोकांच्या उरलेल्या अर्ध्या बाजू.

मुख्य अभियंता होते जेम्स बर्कले. कंत्राट आधी विल्यम फॅव्हिएल यांच्याकडे होतं. मजुरीवरून १८५९ मध्ये मजुरांचा उठाव झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएल बाहेर पडले. नंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल महिन्याभरातच आजारानं वारले आणि कंत्राट त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी पुढे नेलं. १८६१ च्या सुमारास घाटात ४२ हजारांपर्यंत माणसं एका वेळी कामावर होती. सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेत १८३१ फुटांची चढण, सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ (३७ फूट पुढे जाताना एक फूट वर), पंचवीस बोगदे आणि आठ मोठे दगडी पूल, असा तो हिशेब. नावं साहेबांची राहिली. घण मारणाऱ्या हातांची नोंद कुठे नाही, ही खंत इथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

निगेच्या दृष्टीनं या इतिहासातली एक गोष्ट आजही कामाला येते. हातानं मारलेली भोकं थोडी असायची, म्हणून एकेका भोकात दारू जास्त ठासली जाई. तिच्या धक्क्यानं हवा तेवढा कातळ निघायचाच, पण मागे राहिलेल्या कातळालाही बारीक तडे जायचे. आज पाणी येतं ते बरंचसं या तड्यांतून.

प्रश्न : काही बोगदे आतून नुसत्या कातळाचे आहेत, काहींना विटा-दगडांची कमान आहे. पैसे वाचवायला तसंच सोडलं का? (वाचक, पिंपरी)

तसं नाही. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला आहे. त्यातला काळा घट्ट बेसॉल्ट इतका भक्कम की कमान न बांधता उभा राहतो. त्याच्या वर-खाली सच्छिद्र, पिचका बेसॉल्ट येतो आणि दोन थरांच्या मधे गेरूसारखी तांबडी माती सापडते. कोरडी असताना ती दगडासारखी वाटते, भिजली की लोण्यासारखी सुटते. जिथे ती बोगद्याच्या उंचीत आली तिथे अस्तर द्यावंच लागलं. तोंडाजवळही अस्तर असतं, कारण उघड्यावरचा कातळ ऊनपावसानं झिजलेला असतो.

एकाच बोगद्यात कातळ, मग कमान, मग पुन्हा कातळ असं दिसलं तर तो निष्काळजीपणा समजू नये. खोदणाऱ्यांनी जमीन वाचून घेतलेला तो निर्णय आहे. दुखणं मात्र बहुतेक वेळा या सांध्यांवरच निघतं, जिथे कमान संपते आणि कातळ सुरू होतो तिथे.

प्रश्न : बोगदा तपासतात म्हणजे नेमकं काय करतात? (वाचक, कर्वेनगर)

काम डोंगराच्या माथ्यावरून सुरू होतं. पावसाळ्याआधी ‘हिल गँग’चे गँगमन दोर बांधून उतारावर उतरतात, सुटायला आलेल्या धोंडी हेरतात आणि पहारीनं स्वतःच पाडतात. पाडलेली धोंड उचलायला खास गाडी चालवतात, तिला ‘बोल्डर स्पेशल’ म्हणतात. जिथे पाडणं शक्य नाही तिथे पोलादी जाळी बसवतात किंवा बोगद्याचं तोंडच काँक्रीटच्या छपरानं पुढे वाढवतात, म्हणजे दगड आला तरी छपरावर पडेल.

तोंडाच्या वर, डोंगरात आडवा चर असतो. वरून येणारं पाणी त्यानं बाजूला न्यायचं. हा चर गाळानं भरला की पाणी थेट कमानीच्या पाठीवर उतरतं. चराचा तळ पक्का केलेला हवा, हे पुष्कळदा विसरतात. फुटक्या कातळात कच्चा चर खणला तर तो पाणी दूर न नेता बोगद्यातच पोचवतो.

मग आत. आधी ब्लॉक घेतात, म्हणजे गाड्या थांबवतात आणि वरच्या तारेचा वीजपुरवठा बंद करतात. पुरवठा बंद झाला एवढ्यावर कोणी वर चढत नाही. कामाच्या दोन्ही बाजूंना तारेला डिस्चार्ज रॉड लावून ती जमिनीशी जोडतात, मगच मचाणाच्या गाडीवर माणूस चढतो. हातात दिवा आणि साधा हातोडा. अस्तरावर ठोकत जायचं. खण्‌ असा आवाज आला तर दगड मागच्या कातळाला धरून आहे. बद्द, मडक्यासारखा आवाज आला तर मागे पोकळी आहे. त्या जागी रंगानं चौकट आखतात आणि बोगद्याच्या वहीत अंतर, बाजू, उंची आणि तारीख लिहितात. लेझर स्कॅनरनं बोगद्याचा आकार मिलिमीटरमध्ये मिळतो, पण पोकळ दगड अजूनही कानच पकडतो.

तडा दिसला तर पहिला प्रश्न, तो वाढतोय का? त्यासाठी तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवतात आणि तिच्यावर तारीख घालतात. चिकटवण्याआधी दगड घासून स्वच्छ करायचा, नाहीतर काच तुटण्याऐवजी सिमेंटच सुटतं आणि तडा स्थिर आहे असा खोटा दिलासा मिळतो. काच तुटली तर तडा जिवंत आहे. बोगद्याच्या लांबीच्या दिशेनं, कमानीच्या खांद्यावरून जाणारा तडा आडव्या कड्यासारख्या तड्यापेक्षा जास्त गंभीर, कारण तो कमान उघडत असल्याचं सांगतो. त्याच्याबरोबर आत फुगवटा असेल तर गाड्यांचा वेग लगेच कमी करतात.

शेवटी रूळ. बोगद्यात ऊन नाही आणि ओल कायम, त्यामुळे रुळाचा खालचा पसरट भाग आणि त्याला धरणाऱ्या क्लिपा गंजतात. वरून रूळ चकचकीत दिसतो आणि तळ खात गेलेला असतो, म्हणून खडी थोडी बाजूला करून तळ पाहावाच लागतो. क्लिपा काढून, घासून, ग्रीस लावून परत बसवणं हे बाहेरच्यापेक्षा इथे लवकर लवकर करावं लागतं.

प्रश्न : गळणारं पाणी सिमेंटनं एकदाच बंद का करत नाहीत? (वाचक, सदाशिव पेठ)

आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

पाणी बंद केलं की ते संपत नाही, अस्तराच्या मागे साठतं. साठलेल्या पाण्याची उंची तीन मीटर झाली तर तळाशी दर चौरस मीटरवर तीन टनांचा दाब येतो. जुनी कमान वरून येणारं ओझं पेलायला बांधलेली आहे, मागून ढकलणारं पाणी पेलायला नाही. खंडाळा–लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो अडवता येणार नाही, त्याला वाट द्यायची असते. चांगल्या स्थितीतला बोगदा पावसाळ्यात गळणारच. आधी वाहणारी जागा भर आषाढात अचानक कोरडी झाली, तर अनुभवी मुकादम काळजीत पडतो.

पाणी किती आहे यापेक्षा ते कसं आहे, हे आधी पाहावं. लिटरभर बाटली धाराखाली धरून ती किती सेकंदांत भरते हे लिहून ठेवतात, आणि मग बाटली उजेडात धरून बघतात. स्वच्छ पाणी चालेल. पांढरे ओघळ म्हणजे चुना विरघळून बाहेर येतोय, दरजा (दगड-विटांमधले सांधे) पोकळ होत आहेत, दुरुस्ती ठरवावी. तांबूस गढूळ पाणी म्हणजे मागचा तांबडा थर धुपून चाललाय, पोकळी वाढते आहे. तिथे दुरुस्तीला उशीर करायचा नसतो.

आता उपाय, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा डोंगरावरचा चर आणि बोगद्यातली बाजूची गटारं साफ करायची. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. मग अस्तरातली वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोकं, सळईनं मोकळी करायची. नवी पाडायची असतील तर साधारण मीटर-मीटर अंतरावर, ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची आणि बोगद्याकडे उतरती. जिथे धार रुळावर किंवा तारेवर पडते तिथे नळी किंवा पन्हळ लावून ती भिंतीवरून गटारात आणायची.

हे झाल्यावर दरजा. जुनं बांधकाम चुन्यातलं आहे. दरजा सुमारे ५० मिलिमीटर खोल खरवडून, धुऊन, पुन्हा चुन्याच्या मसाल्यानंच भराव्यात असं आमचं ठाम मत आहे. पेठेतल्या वाड्यांचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडतो. दगडी घाण्यात मळलेल्या चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते आणि चारदोन पावसाळ्यांत गिलावा पोपड्यांसकट सुटतो, येताना विटेचा पापुद्राही घेऊन येतो. बोगद्यात तो पापुद्रा चालत्या गाडीवर पडेल.

पोकळी भरायला ग्राउटिंग करतात, म्हणजे पातळ सिमेंट दाबानं आत सोडतात. पोकळ आवाजाच्या भागात ५०० ते ७५० मिलिमीटर अंतरावर, एकाआड एक अशी भोकं पाडून त्यांत साधारण २०० मिलिमीटर लांबीच्या लोखंडी नळ्या पक्क्या करायच्या. तडे इंग्रजी व्हीच्या आकारात उघडून मसाल्यानं भरायचे, नाहीतर ग्राउट तिथूनच बाहेर येतं. एक दिवस आधी भोकांत पाणी सोडायचं, कारण कोरडा दगड ग्राउटमधलं पाणी शोषून घेतो आणि ते वाटेतच घट्ट होतं. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ ते ०.५ पट पाणी. दाब चौरस सेंटिमीटरला २ ते ४ किलो, त्यावर नाही. काम लवकर व्हावं म्हणून दाब वाढवला तर सैल दगड बाहेर ढकलले जातात. सुरुवात खालच्या नळीपासून करून वर जायचं, म्हणजे आतली हवा आणि पाणी वरून निघून जातं. कालवलेलं ग्राउट पंधरा मिनिटांत वापरलं गेलं नाही तर टाकून द्यायचं. नंतर चौदा दिवस पाणी मारायचं. आणि ग्राउटिंग चालू असताना वीप होलमध्ये लाकडी खुंट्या ठोकायच्या, काम संपताच काढायच्या. खुंट्या न ठोकल्यानं वीप होल ग्राउटनं बुजली, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी वीस फूट पलीकडे नव्या जागी फुटलं, ही या कामातली नेहमीची चूक आहे.

नुसत्या कातळाच्या भागात वेगळी रीत. सैल कपच्या पाडून, कातळात काही मीटर खोल भोकं घेऊन पोलादी सळया सिमेंटमध्ये बसवतात आणि तोंडाशी पत्रा व नट आवळतात. त्यावर जाळी आणि ५० ते ७५ मिलिमीटरचं फवाऱ्याचं काँक्रीट. फवारण्याआधी प्रत्येक झऱ्यावर नळी लावायची. ओल्या झऱ्यावर थेट फवारलेलं काँक्रीट धरतच नाही.

प्रश्न : लंडनमध्ये थेम्स नदीखालून जाणारा जुना बोगदा पाहिला. तो इतका कोरडा कसा? (वाचक, औंध)

तो कोरडा करून घेतला आहे. मार्क ब्रुनेल यांनी १८२५ ला खोदायला घेतलेला हा बोगदा १८४३ ला पायी चालणाऱ्यांसाठी उघडला आणि १८६९ पासून त्यातून गाड्या जाऊ लागल्या. विटांचं अस्तर गळू लागल्यानं १९९० च्या दशकात काही वर्षं तो बंद ठेवून आतून काँक्रीटचं नवं अस्तर दिलं. वारसा म्हणून एका टोकाचा छोटा भाग जुन्या रूपात राखला आहे. नदीखाली पाण्याला दुसरी वाट देणं शक्य नसतं, तिथे पूर्ण दाब पेलणारं अस्तरच लागतं. घाटात तो खर्च आणि ती जाडी दोन्ही अनाठायी ठरतील.

प्रश्न : ठाण्याजवळच्या पारसिक बोगद्याच्या डोक्यावर घरं आहेत. त्यानं काही बिघडतं? (वाचक, डेक्कन क्वीनचा पासधारक)

बिघडतं, आणि ते घाटापेक्षा वेगळ्या प्रकारे. १९१६ मध्ये सुरू झालेला हा सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा आज शहराच्या आत आला आहे. डोंगरात मुरणारं पावसाचं पाणी जून ते सप्टेंबर येतं. वस्तीचं सांडपाणी बारा महिने येतं, म्हणजे अस्तर सुकायला सवडच मिळत नाही. शिवाय त्यात साबण, क्षार आणि मैला असतो, त्यानं चुन्याच्या दरजा आणि रुळाचं लोखंड दोन्ही लवकर खाल्लं जातं. तोंडाशी टाकलेला कचरा गटार तुंबवतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी रुळावर येतं. यावर बोगद्याच्या आतून काहीही केलं तरी तात्पुरतं. वरच्या वस्तीला बांधीव गटारं देऊन सांडपाणी डोंगराबाहेर नेणं हाच उपाय, आणि तो तिथे राहणाऱ्या माणसांच्याही भल्याचा आहे.

प्रश्न : वाफेच्या इंजिनांसाठी खोदलेल्या बोगद्यांत विजेच्या तारा मावल्या कशा? (वाचक, हडपसर)

सगळीकडे मावल्या नाहीत. कल्याण–पुणे मार्गाचं विद्युतीकरण १९२९ मध्ये १५०० व्होल्टवर झालं, तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीनं दिशा बदलायचं जुनं स्थानक सोडून नवी वाट खोदली आणि काही जुने बोगदे वापरातून गेले. आता पुरवठा २५ हजार व्होल्टचा आहे. तिथे तार आणि कातळ यांच्यात सुमारे पाव ते एक तृतीयांश मीटर मोकळी हवा लागते. मोकळ्या मार्गावर तार साधारण साडेपाच मीटरवर असते, बोगद्यात ती ४.६५ मीटरपर्यंत खाली घेता येते. त्यानंही भागलं नाही तर रूळ खाली न्यायचे. ते करताना खडीची जाडी राखायची आणि गटारही तेवढंच खाली न्यायचं. गटार वर आणि रूळ खाली राहिले तर बोगद्याचा हौद होतो. म्हणूनच आतून जाड काँक्रीट फवारताना हात आखडता घेतात. प्रत्येक थर मोकळ्या जागेतून वजा होतो.

प्रश्न : मेट्रोच्या बोगद्यालाही हे सगळं करावं लागेल? (वाचक, मंडई)

बरंच कमी, पण वेगळं. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भाग यंत्रानं खोदला आणि काँक्रीटच्या तयार तुकड्यांची कडी जोडत अस्तर केलं. तुकड्यांच्या सांध्यांत रबरी पट्ट्या आहेत, पाणी बाहेरच अडवायचं अशी ती रचना. जिल्हा न्यायालय स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि मार्ग मुठेखालून जातो, म्हणजे दाब सोसणारं अस्तरच हवं. इथे लक्ष द्यायचं ते सांध्यांतल्या ओलीवर, तुकड्यांच्या कोपऱ्यांच्या टवक्यांवर आणि आत आलेलं थोडं पाणी वर फेकणाऱ्या पंपांवर. घाटात पाणी उतारानं आपोआप निघून जातं, इथे पंप बंद पडला तर ते कुठेच जात नाही.

प्रश्न : पावसाळी भटकंतीत रुळांवरून चालत बोगदे पार करणारे पुष्कळ दिसतात. परवानगी असते का? (वाचक, वारजे)

नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी वळणावरच्या बोगद्यात गाडीचा आवाज कुठून येतो ते कळत नाही, आणि घाट उतरणारी गाडी तुम्हाला पाहून थांबू शकत नाही. भिंतीतले कोनाडे रेल्वेच्या माणसांसाठी आहेत. त्यांना गाड्यांच्या वेळा आणि पुढच्या कोनाड्याचं अंतर पाठ असतं.